त्याच पाइपातून ओढा!

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करा आणि रात्री जेवणं झाल्यावर वाचा. विषय आपल्या पोरांच्या शाळेतल्या कम्प्युटर रूमचा आहे आणि या विषयावर कुणी फ्लेक्स लावणार नाही.

फ्लेक्स लागतो तो वेगळ्या गोष्टीचा. "अमुक यांच्या प्रयत्नांतून शाळेस दहा संगणक, एक प्रोजेक्टर व दोन एसी." वर चार फोटो, खाली हात जोडलेले. आपण पण फोटो काढतो, बातमी देतो. मी स्वतः अशा किती बातम्या दिल्या असतील, मोजलेलं नाही. संगणक आले हे चांगलंच झालं, त्याबद्दल वाद नाही. पण दहा संगणक आणि दोन एसी ज्या वायरवर चालणार, ती वायर कुठून आली, तिचं बिल कुणी दिलं, ती कुठल्या पाइपातून गेली, हे त्या फ्लेक्सवर नसतं आणि बहुतेक वेळा मंजुरीच्या कागदावरही नसतं.

कळंब ते अर्नाळा, इकडे निर्मळ, तिकडे नालासोपारा, या पट्ट्यातल्या एका शाळेत मध्यंतरी एका कार्यक्रमाला गेलो होतो. शाळेचं नाव लिहीत नाही. त्या शाळेचा दोष सगळ्यात कमी आहे. आणि नाव लिहिलं की बाकीच्या शाळा "ते त्यांचं आहे" म्हणून मोकळ्या होतात. तर त्या शाळेत भाषणं चालू असताना कम्प्युटर रूममध्ये आमच्या ओळखीचे वायरमन मामा काम करत होते. चाळीस वर्षं याच धंद्यात. भाषणापेक्षा तिकडे बरं म्हणून मी आत गेलो.

भिंतीतला एक जंक्शन बॉक्स उघडा होता. आत वायरींचा गुंता. ही खोली मुळात वर्गखोली. बांधली तेव्हा दोन ट्यूब, दोन पंखे आणि एक प्लग एवढाच हिशोब. त्यासाठी भिंतीत २० मिलिमीटरचा पाइप टाकलेला. पुढे संगणक आले तेव्हा त्याच पाइपातून प्लगच्या वायरी ओढल्या. मग प्रोजेक्टर आला, त्याची ओढली. मग इन्व्हर्टर. आता एसी. मामा स्टीलची तार घालून पाइपात जागा आहे का बघत होते.

मी विचारलं, "मामा, जाईल का अजून?"

"जाईल की. साबणाचं पाणी लावलं की जातं," मामा म्हणाले. मग तार बाहेर ओढत म्हणाले, "जायला जाईल रे बाबा. पण जाऊ द्यावं का, ते मला कुणी विचारत नाय. ते बोलले त्याच पाइपातून ओढा, भिंत फोडायची नाय, रंग नुकताच झालाय."

या एका वाक्यासाठी ही पोस्ट लिहितोय. रंग नुकताच झालाय.

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, मी पण पत्रकारितेचा डिप्लोमावाला माणूस, इंजिनीयर नाही. पण पाचवीचं गणित आलं तरी हे कळतं.

वायरीतून करंट गेला की वायर तापते. किती तापते? करंट दीडपट झाला तर उष्णता दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. एकटी वायर मोकळ्या हवेत असेल तर ती उष्णता निघून जाते. पाइपात असेल तर कमी निघते. आणि पाइपात शेजारी अजून चार तापलेल्या वायरी असतील तर ती जाणार कुठे? लोकलच्या डब्याचं उदाहरण आपल्याला कुणी समजावून द्यायला नको. सकाळी ७ च्या विरार-चर्चगेटमध्ये पंखा चालू असतो तरी घाम येतो.

म्हणून वायर किती करंट नेऊ शकते याचे जे तक्ते आहेत, त्यात सर्किटं वाढली की क्षमता कमी धरायची असा नियम असतो. वायरिंगचं आपलं भारतीय मानक आहे, आयएस ७३२. त्याची २०१९ ची आवृत्ती आंतरराष्ट्रीय मानकाच्या धर्तीवर आहे. ते आकडे साधारण असे चालतात. दुकानात जिला आपण "अडीच एमएम" म्हणतो, म्हणजे खरं तर अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ती पाइपात एकच सर्किट असताना आणि हवेचं तापमान ३० अंश असताना २४ अँपिअर नेते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत, स्लॅबखाली ४० अंश धरा. तिथे २४ चे २१ होतात. आता त्याच पाइपात एकूण चार सर्किटं भरली आणि चारही जोरात चालू असली, तर ०.६५ ने गुणायचं. उरले साडेतेरा. सहा सर्किटं झाली तर ०.५७. उरले बारा.

वायर तीच. कंपनी तीच, पाकिटावर छापलेला आकडा तोच. पण पाइपातली गर्दी वाढली म्हणून तिची ताकद जवळपास निम्मी.

आणि तिच्या डोक्यावर एमसीबी कितीचा? २० चा. काही ठिकाणी ३२ चा, कारण २० चा "सारखा पडतो" म्हणून कुणीतरी बदललेला असतो. एमसीबी पडतो तेव्हा तो आपल्याला त्रास देत नसतो, काहीतरी सांगत असतो. पण आपल्याकडे सांगणाऱ्याचीच बदली करायची पद्धत आहे. असो. तर २० चा एमसीबी २० च्या किंचित वर करंट गेला तरी लगेच पडत नाही. तो २२ अँपिअर तासभर आरामात सोडतो, तसाच तो बनवलेला असतो. साडेतेराची वायर, बावीस सोडणारा पहारेकरी. म्हणजे ती वायर रोज दुपारी भिंतीच्या आत शिजणार आणि बाहेर काहीही पडणार नाही, विझणार नाही, आवाज येणार नाही.

वायरीवरचं साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंत सहन करतं. त्याच्यावर गेलं म्हणजे लगेच पेट घेतं असं नाही. ते म्हातारं होतं. इंजिनीयर लोकांचा ठोकताळा असा, की दर आठ-दहा अंश जादा तापमानाला आवरणाचं आयुष्य निम्मं होतं. कडक होतं, तडे जातात, मग एखाद्या पावसाळ्यात ते होतं जे पेपरात "शॉर्टसर्किटमुळे" या एका शब्दात येतं. तो शब्द आम्ही पत्रकार इतका वापरतो की त्याचा अर्थच उरला नाही. शॉर्टसर्किट शेवटी होतं. त्याच्या आधीची पाच वर्षं कुणी छापत नाही.

आता पाइप किती भरावा? सगळीकडे चालणारा नियम आहे, आतली ४० टक्के जागा. बाकी मोकळी ठेवायची. २० च्या पाइपात अडीचच्या वायरी पाच-सहा बसतात, २५ च्या पाइपात आठ-दहा. प्रत्येक सर्किटला फेज, न्यूट्रल, अर्थिंग अशा तीन धरल्या तर २० च्या पाइपात दोन सर्किटं, संपलं. त्या बॉक्समध्ये मी चौदा वायरी मोजल्या. चौदाव्या वायरीला जागा साबणाच्या पाण्याने झाली होती. आणि जुन्या वायरींच्या अंगावरून नवी वायर जोरात ओढली की घासून जुन्यांचं आवरण सोलतं, ते आत कुठे सोललं ते कुणालाच दिसत नाही. त्यात मध्येच टेप गुंडाळून मारलेला जुना जोड असेल तर विचारूच नका.

पण मामांनी मला जी गोष्ट दाखवली ती याहून वाईट होती. चार सर्किटं आणि परतीची न्यूट्रल एकच. का? "पाइपात जागा नव्हती म्हणून आधीच्याने वाचवली."

हे नीट समजून घ्या, कारण घरातही हेच होतं. फेजमधून जो करंट जातो तो न्यूट्रलमधून परत येतो. तीन सर्किटं एकाच फेजवर असतील आणि प्रत्येकातून ८ अँपिअर जात असतील, तर एकट्या न्यूट्रलमधून २४ परत येतात. प्रत्येक फेजला एमसीबी आहे आणि प्रत्येकातून फक्त ८ जातायत, म्हणून तिन्ही एमसीबी खूश. न्यूट्रलला एमसीबी नाही. ती गुपचूप जळते.

कुणी म्हणेल, आम्ही तीन वेगवेगळ्या फेज घेतल्या, मग न्यूट्रलमध्ये करंट एकमेकांना कापतो. शाळेत शिकवतात तसं. पंखे-बल्ब असतील तर बरोबर आहे. पण संगणकाच्या आतला पॉवर सप्लाय बल्बसारखा सरळ करंट घेत नाही, तुकड्या-तुकड्यांत ओढतो. त्या तुकड्यांमुळे तयार होणाऱ्या काही लहरी न्यूट्रलमध्ये कापल्या न जाता एकमेकींत मिळतात. अगदी वाईट परिस्थितीत न्यूट्रलमधला करंट एका फेजच्या पावणेदोन पटीच्या आसपास जाऊ शकतो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत ऑफिसांमध्ये पीसी भरले तेव्हा तिथल्या लोकांना हा धडा मिळाला. नव्या, चांगल्या पॉवर सप्लायमध्ये हा दोष बराच कमी केलेला असतो. आपल्या शाळांत येतात ते देणगीचे, जुने, कुठल्या तरी कंपनीने काढून टाकलेले. मग हिशोब जुनाच धरायला हवा.

आणि तीन फेजवर एकच न्यूट्रल असताना ती न्यूट्रल जोडातून सुटली तर? मग दोन फेजच्या मध्ये ४०० व्होल्ट, आणि त्यात तुमची उपकरणं एकापुढे एक माळेसारखी. ज्याची वॅट कमी त्याच्या वाट्याला व्होल्ट जास्त. एका झटक्यात सगळे मॉनिटर. गावात "न्यूट्रल गेला आणि अख्ख्या आळीचे टीव्ही उडाले" हे प्रत्येकाने ऐकलंय. इथे आळीऐवजी एक खोली, आणि खोलीत चाळीस मुलं.

आता आपल्या हवेचं. कळंबला समुद्र किती लांब आहे ते तुम्हाला सांगायला नको, रविवारी गाड्यांची रांग घराच्या दारापर्यंत येते. खारा वारा लोखंडाचं काय करतो ते खिडकीच्या गजांकडे बघा. तोच वारा एमसीबीच्या स्क्रूत, प्लगच्या पिनांत, जंक्शन बॉक्समधल्या जोडांत जातो. तांबं हिरवं पडतं. जोड ढिला आणि खराब झाला की तिथे विरोध वाढतो, तिथेच उष्णता, तिथेच ठिणगी. पावसात गळक्या स्लॅबमधून पाणी पाइपात उतरतं ते वेगळं. पुण्यात एखादी चुकीची वायरिंग दहा वर्षं ओढत असेल, तर आपल्याकडे ती तेवढी काढेल असं मला वाटत नाही.

"एवढं काय होत नाही हो," असं म्हणणाऱ्यांसाठी पुढचा भाग.

२३ एप्रिल २०२१. विरार पश्चिमेचं विजय वल्लभ कोविड रुग्णालय. पहाटे तीनच्या सुमारास अतिदक्षता विभागात आग लागली आणि १३ रुग्ण गेले. आग एसीपासून सुरू झाली असं तेव्हा सांगितलं गेलं. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग, १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागात आग, ११ रुग्ण गेले. एका वर्षात, एका राज्यात. या तिन्ही ठिकाणी पाइपात जादा वायरी होत्या असं मी म्हणत नाही. तसा माझा दावा नाही, कारणं वेगवेगळी आहेत. माझं म्हणणं एवढंच, की तिन्ही वेळा खोलीत विजेची यंत्रं एकाच वेळी, खूप जास्त, दिवसरात्र चालू होती आणि खोलीत अशी माणसं होती जी उठून पळू शकत नव्हती. यंत्रांची खरेदी जलद होते. खोलीची वायरिंग बदलायला कुणाला घाई नसते.

विरारनंतर फायर ऑडिटची लाट आली. बरं झालं. पण फायर ऑडिट म्हणजे आपल्याकडे काय राहिलं? भिंतीवर लाल सिलिंडर, त्यावर तारखेचं स्टिकर, जिन्यात बाण. सिलिंडर आग लागल्यावर कामाला येतो. आग जिथून सुरू होते तो डीबी बॉक्स उघडून कुणी बघितला का, असं विचारलं की समोरचा माणूस माझ्याकडे अशा नजरेने बघतो की जणू मी त्याच्या घरातलं कपाट उघडायला सांगितलं.

आता हे होतं का, त्याचं मूळ बघू. केंद्राची आयसीटी योजना डिसेंबर २००४ मध्ये आली, शाळांना संगणक कक्ष द्यायचा म्हणून. नंतर ग्रामपंचायतींत संग्राम केंद्रं, मग आपले सरकार सेवा केंद्रं. मग आमदार निधी, कंपन्यांचा सीएसआर, रोटरीवाले, माजी विद्यार्थी. यातल्या प्रत्येकाला वस्तू द्यायला आवडते, कारण वस्तूचा फोटो येतो. भिंतीतल्या वायरीचा फोटो येत नाही. मग वस्तू उतरते शाळेच्या दारात आणि मुख्याध्यापक सादिलवारातून वायरमनला बोलावतात. सादिलवारात किती असतं ते मुख्याध्यापकांनाच विचारा, जरा जपून विचारा. मग ते म्हणतात, त्याच पाइपातून ओढा. त्यांच्या जागी मी असतो तरी दुसरं काय बोललो असतो? म्हणून मुख्याध्यापकांवर राग काढू नका. ज्याने दोन एसी दिले त्याला विचारा, एसीबरोबर वायरिंगचे पैसे का नाही दिले.

अजून एक साधी तपासणी सांगतो. शाळेचं महावितरणचं बिल बघा. त्यावर "मंजूर भार" असतो. दहा संगणक साधारण दीड ते दोन किलोवॅट. दीड टनाचे दोन एसी तीन-साडेतीन किलोवॅट. प्रोजेक्टर, प्रिंटर, पंखे, इन्व्हर्टरचं चार्जिंग धरून सहा-साडेसहाच्या पुढे जातं. बिलावर मंजूर भार जर अजून एक किंवा दोन किलोवॅट लिहिलेला असेल, तर समजा की ही खोली कागदावर अजून वर्गखोलीच आहे. भार वाढवून घ्यायचा अर्ज करायला लागतो, त्यासोबत परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. म्हणूनच अर्ज कुणी करत नाही.

परवान्याचं पण बोललं पाहिजे. विजेचं काम परवानाधारक ठेकेदाराने, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचं, असा कायदा आहे. आपल्या गावात काम करतात ते बहुतेक हातचे हुशार लोक. काही आयटीआयचे वीजतंत्री, तारतंत्री, काही बापाकडून शिकलेले. त्यांना कमी लेखत नाही, मामांइतकं ज्ञान मला कुठल्या ऑफिसात मिळालं नाही. पण मामांनी नाही म्हटलं तर काम दुसऱ्याला जातं आणि तो हो म्हणतो. सहीवाला कागद मागितला, तर मामांना नाही म्हणायला आधार मिळेल. आज त्यांच्याकडे फक्त साबणाचं पाणी आहे.

एक इंजिनीयर मित्र म्हणाला, "तू घाबरवतोयस. तक्त्यातले गुणक सगळी सर्किटं पूर्ण भाराने चालतात असं धरून असतात. शाळेत तसं होत नाही." त्याचं खरं आहे. ट्यूबलाइटचं सर्किट पाइपात असलं म्हणून फरक पडत नाही, त्यात करंट नावालाच असतो. पण कम्प्युटर रूममध्ये नेमकं उलटं होतं. सगळे संगणक एकाच तासाला चालू, तोही दुपारचा, त्याच तासाला एसी. जिथे सगळं एकदम चालू असतं ती गावातली एकमेव खोली हीच. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांचं पण शनिवारी रात्री तेच होतं, पण तो वेगळा विषय, आणि त्यावर लिहिलं की फोन येतात.

दुसरा आक्षेप पैशाचा. सगळी भिंत फोडा असं कोण म्हणतंय? जुना पाइप दिवे-पंख्यांना राहू द्या. एसी आणि संगणकांसाठी भिंतीवरून उघडी पट्टी फिरवा, केसिंग-कॅपिंग म्हणतात ती. दिसायला सुंदर नाही, पण उघडता येते, बघता येते, पुढच्या वेळी वाढवता येते. मेन बोर्डपासून खोलीपर्यंत एक जाड केबल आणून खोलीतच छोटा डीबी बसवला की प्रत्येक वायर लांबून ओढावी लागत नाही. प्रत्येक एसीला आपली चारची वायर आणि आपला एमसीबी. प्रत्येक सर्किटला आपली न्यूट्रल. वर एक ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, पोरांच्या हातासाठी. नेटची केबल विजेच्या पाइपात घालायची नाही. काम झालं की मेगर लावून चाचणी आणि त्याचा कागद. एवढं सगळं मिळून दोन एसींच्या किमतीपुढे मोठं नाही, हे मामांनी तिथेच तोंडी सांगितलं. नवीन रंगावर पट्टी दिसेल. दिसू दे.

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालक असतात, शिक्षण हक्क कायद्यानेच तसं ठेवलंय. समितीच्या पुढच्या बैठकीला वायरीचा विषय घ्या. शेवटची चाचणी कधी झाली, अहवाल कुठे आहे, मंजूर भार किती आणि चालू भार किती, एवढं विचारा. अहवाल नाही असं उत्तर आलं तर तेच इतिवृत्तात लिहायला लावा. जो कुणी पुढच्या वेळी संगणक देईल त्याच्या पत्रात वायरिंगची रक्कम वेगळी दाखवा, म्हणजे फोटोही येईल आणि वायरही येईल.

मी माझ्याकडून आपल्या पट्ट्यातल्या शाळांच्या कम्प्युटर रूमच्या चाचणी अहवालांची प्रत माहिती अधिकारात मागितली आहे. कायद्याने ३० दिवस. उत्तर आलं की इथेच टाकतो, कागदासकट, आणि अहवाल नाहीत असं आलं तर तेही टाकतो. तोपर्यंत तुमच्या पोराच्या शाळेच्या बिलावरचा मंजूर भार खाली कमेंटमध्ये लिहा. शाळेचं नाव नको. फक्त किलोवॅट आणि खोलीत काय-काय चालू आहे तेवढं.